उसना ठसा

ज्या चोराने माझं मंगळसूत्र ओढून नेलं, त्याची मला आधी कीवच आली. त्यातल्या वाट्या खोट्या, मणी खोटे आणि मधली साखळीही पॉलिशची. मंगळवारी दुपारी मी गिरणीच्या मेंडिंग खात्यातून, कापडातले दोष काढायच्या कामावरून, सुटून रिक्षाला हात करत होते. गाडीवरून दोघे आले, मानेला चटका बसला आणि ते गेलेसुद्धा. लोक गोळा झाले. मी मान चोळत म्हटलं, "जाऊ द्या हो, बेगडी होतं." चोराला फसवल्याचा हा आनंद घराच्या पायरीपर्यंत टिकला.

दारात आर्वी उभी होती. ती नेहमी उभी राहते तशीच, डावा खांदा खाली आणि उजवा वर. तिने माझ्या गळ्याकडे बघितलं. "आई, आणि बिल्ला?"

मी रिकामा गळा चाचपला.

बिल्ला म्हणजे जीवनस्पंद योजनेचा, सरकारी आरोग्यविम्याचा बिल्ला. आठ आण्याच्या नाण्याएवढी चकती, पण तिच्याशिवाय दवाखान्याचं दार उघडत नाही. ती छातीला टेकून राहावी म्हणून सरकारने रबरी पट्टा दिला होता. आमच्या इचलकरंजीत तो पट्टा एकाही बाईने वापरला नाही. सगळ्यांनी बिल्ला मंगळसूत्रात ओवला. जे जन्मभर छातीवरून काढायचं नसतं, त्यातच तो सुरक्षित, हा आमचा हिशेब. चोरांचा हिशेब कुणी धरला नव्हता.

या चकतीचं काम एकच, माणसाचं हृदय ओळखणं. कॉम्प्युटर जेव्हा कुणाचाही चेहरा, आवाज आणि बोटांचे ठसे हुबेहूब बनवायला लागले, तेव्हा सरकारने ते सगळं निकालात काढलं आणि हृदय धरलं. प्रत्येक ठोक्यामागे विजेची एक बारीक लाट असते. हृदय केवढं आहे, छातीत किती तिरकं बसलं आहे, त्याच्या भिंती किती जाड आहेत, यावर त्या लाटेचा आकार ठरतो, आणि दोन माणसांचा आकार सारखा निघत नाही. भीतीने ठोके वाढतात, पण लाटेची घडण फारशी बदलत नाही.

पण हृदय काही दगड नव्हे. वय, आजार, बाळंतपण, सगळ्याने ते थोडं थोडं बदलतं. म्हणून बिल्ला रोज शिकतो. कालच्या लाटेत आजचा कणभर फरक मिसळतो आणि धन्याबरोबर म्हातारा होत जातो. पहिले चाळीस दिवस त्याचा शिकाऊ काळ. त्या दिवसांत तो फार उदार असतो, गळ्यात असेल त्याची लाट मुकाट्याने आपली म्हणतो. नोंदणीच्या दिवशी घेतलेला मूळ ठसा मात्र सरकारी तिजोरीत जसाच्या तसा असतो. बिल्ला हरवला तर नवा मिळतो तो त्या मूळ ठशावरून. इतक्या वर्षांत हृदय किती बदललं असेल, ते यंत्र मोजतं आणि तेवढी सूट देतं.

हे सगळं मला आता तोंडपाठ आहे. त्या मंगळवारी मला एवढंच माहीत होतं, की मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत आईच्या बिल्ल्यावर असतात आणि येत्या सोमवारी, एकोणीस तारखेला, मिरजेला आर्वीच्या पाठीचं ऑपरेशन आहे. तिचा कणा बावन्न अंशांत वाकला होता. ही तारीख मिळायला आठ महिने लागले होते. ती चुकली तर पुढची अकरा महिन्यांनी. डॉक्टर म्हणाले होते, "एवढं थांबू नका. वाढीचं वय आहे. बाक फुप्फुसावर यायला लागेल."

*

बुधवारी सकाळी दार उघडायच्या आधीच मी बिल्ला केंद्राच्या पायरीवर होते. तिथले चौगुले साहेब निवृत्तीला टेकलेले. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि समोरच्याची घाई आपल्याला लागू द्यायची नाही असा चेहरा. त्यांनी माझ्या छातीला दोन चकत्या लावल्या.

"नाव?"

"ऋतुजा सतीश म्हेत्रे."

यंत्राने मिनिटभर ऐकलं आणि पडद्यावर आकडा आला, एकतीस. पास व्हायला पंच्याऐंशी लागतात.

"घाम आला असंल," चौगुले म्हणाले. "उद्या या. तेल, पावडर काय लावू नका. आणि जपून हां, महिन्यात तीनच डाव. तिन्ही नापास झाला, तर यंत्र तुम्हाला तोतया समजतंय. मग तीस दिवस दार बंद."

गुरुवारी मी छाती साबणाने घासून गेले. खुर्चीत बसल्यावर मनात शंभर आकडे मोजले. सासूबाई गेल्यापासून देवाला दोन हात लांबूनच नमस्कार करत होते, त्या दिवशी जवळ गेले.

एकतीस.

चौगुल्यांनी चष्मा काढला. "बाई, भीतीनं आकडा एक-दोन इकडं तिकडं हलतोय. तुमचा जागचा हलत न्हाई. तुमचं हृदय बरोबर हाय, यंत्रबी बरोबर हाय. ठसा तुमचा न्हाई. नोंदणीला तुम्ही सोता बसला होता न्हवं?"

"हो तर!" मी फणकाऱ्याने म्हटलं आणि बाहेर आले. पायरी उतरता उतरता मला आठवलं, आणि मी तिथेच खाली बसले.

मी बसले नव्हते. नोंदणीचं शिबिर आलं तेव्हा आर्वी अकरा दिवसांची होती. बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, हा सासूबाईंचा कायदा, आणि शिबिर एकाच दिवसाचं. सासूबाईंनी तोडगा काढला. "थोरलीला पाठवू की दोनदा. दोघीबी म्हेत्र्यांच्याच." माझी जाऊ रेणुकाअक्का सकाळी स्वतःच्या नावाने बसली, दुपारी साडी बदलून माझ्या नावाने. फोटो नव्हता, अंगठा नव्हता. तेव्हा एका ठशाची दुसऱ्याशी ताडणीही होत नव्हती. परत येऊन तिने बिल्ला माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "घे, तुझं काळीज देऊन आले." आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो होतो. चाळीस दिवसांत बिल्ला माझी लाट शिकला आणि बारा वर्षं तक्रार न करता चालला. तिजोरीत मात्र माझ्या नावावर अक्काचं हृदय पडून होतं.

आणि अक्काशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते.

*

त्याचं कारण सांगायला मला आजही लाज वाटते, पण सांगते. अक्काला मूल नाही. माझं बाळंतपण तिने केलं, आर्वीला रोज पायांवर घेऊन तिने न्हाऊ घातलं. आर्वी तिला मोठ्याई म्हणायची. तीन वर्षांची असताना आर्वी तापाने फणफणली. मी उशाशी बसले होते आणि पोर झोपेत "मोठ्याई, मोठ्याई" करत होती. माझ्या मनाला विंचू डसला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मी सगळ्यांसमोर अक्काला म्हणाले, "आजपासून हिनं तुम्हाला काकू म्हणायचं. आई एकच असते." महिन्याभरात मी नवऱ्याला घेऊन वेगळी झाले. घरात तो शब्द मी पुन्हा उच्चारू दिला नाही. एकदा आर्वीच्या तोंडून निसटला तेव्हा मी तिला चापट मारली होती.

गुरुवारी संध्याकाळी मी सतीशला म्हटलं, "तुम्ही जाता का वहिनींकडं?"

"बोलली तू हुतीस," तो म्हणाला. "आता बी तूच बोल."

अक्का घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेवयांचं मशीन चालवते. मी गेले तेव्हा ती काठीवर शेवया वाळत घालत होती. केस पिकले होते. मला बघून तिने मशीन बंद केलं, पण बस म्हणाली नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मंगळसूत्र, एकतीस, एकोणीस तारीख.

"म्हंजे तुला माझं हृदय पायजे," ती म्हणाली.

"अक्का..."

"विचारायला आलीयास का सांगायला?"

"विचारायला."

तिने हाताचं पीठ झाडलं. "केवढी झाली पोरगी?"

"माझ्या खांद्याला लागते. सरळ उभी राहिली असती तर कानाला लागली असती." एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. अक्काने रडू दिलं. जवळ आली नाही.

"उद्या दहाला केंद्रावर येते," ती म्हणाली. "तिच्यासाठी येते. तुझ्यासाठी न्हाई, ते ध्यानात ठेव."

*

शुक्रवारी माझा तिसरा आणि शेवटचा डाव अक्का खेळली. चौगुल्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं, काही विचारलं नाही. पडद्यावर आकडा आला, त्र्याण्णव. मी तोंडाला पदर लावला. तेवढ्यात पडदा लाल झाला.

चौगुल्यांनी सावकाश वाचलं. "हा ठसा रेणुका म्हेत्रे या नावावरबी हाय. आता नवा बिल्ला द्यायच्या वक्ताला यंत्र सगळी तिजोरी ताडून बघतंय. एका हृदयाला एकच नाव. कंचं ठेवायचं, ते इथं बसून आत्ता सांगायचं. जन्मात एकदाच."

"खरं काय ते सांगून टाकलं तर?" मी विचारलं.

"तर अर्ज मुंबईला. दुरुस्ती समिती बसती वर्षाकाठी. तोवर दोघींची नावं गोठली. अक्कांना औषधं कसली चालू हायत?"

"इन्सुलिन," अक्का म्हणाली.

"मग ती वाट न्हाई." त्यांनी कागद घेतला आणि शाळेतल्या पोरांना समजवावं तसं दोन रेघा ओढून दाखवलं. पहिली रेघ, अक्काच्या हृदयाने रेणुका हे नाव ठेवायचं. मग ऋतुजा हे नाव रिकामं होतं आणि मी माझ्या खऱ्या हृदयाने त्यावर नव्याने नोंद करायची. सगळं जिथल्या तिथे. पण नव्या ठशाला नव्वद दिवस कुठलंही ऑपरेशन मिळत नाही, आणि जुन्या ठशावर मंजूर झालेलं सगळं रद्द होतं. सोमवारची तारीख गेली.

"दुसरी?" मी विचारलं.

"अक्कांच्या हृदयानं ऋतुजा हे नाव ठेवायचं. मंजुरी त्या नावाची आणि त्या ठशाची, दोन्ही जुळत्यात. सोमवारी ऑपरेशन होतंय. ह्यांचं इन्सुलिनबी त्या नावावर लगेच लिहून मिळतंय. रेणुका नाव मोकळं पडलं, त्याच्यावर तुम्ही बसायचं. तुम्हाला नव्वद दिवस काय मिळणार न्हाई, पण तुम्ही ठणठणीत दिसताय." ते थांबले. "मात्र पोरगी ठशाबरोबर जाती, बाई. पोरगी अठरा वर्षांची होईस्तोवर आई म्हणून सही, दवाखान्यात आईचा पास, शाळेत आईची नोंद, सगळं ह्यांचं. तुम्ही कागदावर चुलती. आणि परत फिरता येत न्हाई."

केंद्रात पंखा गरगरत होता. मला उठून पळून जावंसं वाटलं, पण दाराबाहेर जाऊन करणार काय होते? जी वाट काढावी ती त्याच खुर्चीपाशी येत होती. सासूबाईंवर राग काढावा तर त्या फोटोत. यंत्रावर काढावा तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी त्याला जे सांगितलं, तेच ते प्रामाणिकपणे धरून बसलं होतं.

अक्का छातीच्या चकत्यांवर हात ठेवून बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "रेणुका सांगू? अकरा महिनं थांबशील. पण आई तूच राहशील. उद्या तू म्हणशील, अक्कानं डाव साधला."

माझ्या मनात अगदी तेच आलं होतं. क्षणभरच, पण आलं होतं. आणि ते तिला कळलं होतं. मी डोळे मिटले तर मला आर्वीची पाठ दिसली. अंघोळीच्या वेळी साबण लावताना दिसते तशी, एका बाजूला फुगलेली. हल्ली ती जिना चढताना मध्ये थांबते आणि बुटाची नाडी बांधायचं सोंग करते. तिच्या बुटाला नाडी नाही.

"ऋतुजा," मी म्हटलं. "ऋतुजा ठेवा."

"हे ह्यांनी बोलायचं," चौगुले म्हणाले. "हृदय ह्यांचं हाय."

अक्काने मान वर केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग यंत्राकडे वळून माझं नाव सांगितलं, नवऱ्यासकट. नवऱ्याचं नाव घेताना अडखळली. धाकट्या दिराचं नाव नवरा म्हणून घ्यायची वेळ कुठल्या बाईवर येते? मग मी खुर्चीत बसले. चकत्या अजून कोमट होत्या. "नाव?" चौगुल्यांनी विचारलं, आणि मी थोरल्या दिरांचं नाव लावून म्हटलं, "रेणुका महादेव म्हेत्रे." हिरवा दिवा लागला. खोटं बोलल्यावर त्या यंत्राने मला पहिल्यांदा पास केलं.

बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "माझी साखर आता तुझ्या नावावर. जिलेबी खाताना इचार करीत जा." मी हसले नाही. तीही हसली नाही, पण रिक्षात माझ्या शेजारी बसली.

*

रविवारी मिरजेच्या बसमध्ये मी आर्वीला सगळं सांगितलं. ही बस ड्रायव्हरशिवाय चालते, त्यामुळे पुढची सीट मिळाली की आर्वी खूश असते. पुढे खिडकीशी ती, तिच्याशेजारी अक्का, मागे मी आणि सतीश. मला वाटलं होतं पोर घाबरेल.

"म्हणजे काकू आई, आणि तू काकू?" ती म्हणाली.

"फक्त दवाखान्यात आणि कागदावर."

"लहानपणी मी काकूला काकू नव्हते म्हणत." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. मला वाटत होतं ती विसरली. अक्काने पिशवीतून शेवयांच्या खिरीचा डबा काढला आणि विषय बदलला.

रात्री वॉर्डात आईलाच राहू देतात. अक्का राहिली. मी आणि सतीश खाली बाकावर बसलो. जाताना मी अक्काला सांगितलं, ती डाव्या कुशीवर झोपत नाही, पाणी पिताना घोट घोट पिते, वेणी घट्ट घातली तर डोकं दुखतं. अक्का ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "सांग, अजून सांग. नऊ वर्षांचं सांगायचं हाय तुला." तिचं हे वाक्य मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला आर्वीला स्ट्रेचरवर घेऊन निघाले. ऑपरेशनच्या दाराशी एक सिस्टर उभी होती, हातात कॉम्प्युटरची पाटी. दाराच्या चौकटीवरच यंत्र होतं. अक्का जवळ जाताच तिच्या गळ्यातल्या बिल्ल्याने दार हिरवं केलं. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि दार लाल झालं.

"रेणुका म्हेत्रे, चुलती," सिस्टरने पाटीवर वाचलं. "चुलतीला आत सोडत नाहीत, मावशी. भूल देईपर्यंत फक्त आई." मग ती आर्वीकडे वाकली. "बाळ, तुझ्या तोंडून एकदा हवं, नोंद होते इथं. ह्या कोण?"

आर्वीने अक्काचा हात धरला होता. तिने अक्काकडे बघितलं. "आई."

"आणि त्या?"

पोरीने मान वळवली. औषधाने तिचे डोळे जड झाले होते, तरी तिने मला शोधलं. मी मान हलवली. म्हण बाई, काकू म्हण, म्हणून टाक एकदाचं. ती काकू म्हणाली असती तर चाललं असतं. सिस्टरला तेवढंच हवं होतं.

"ती माझी मोठ्याई," आर्वी म्हणाली. मग चाकं हलली, स्ट्रेचर आत जायला लागलं आणि तिने मोठ्याने हाक मारली, "मोठ्याई! बाहेरच थांब हं, कुठं जाऊ नको!"

ज्या शब्दासाठी मी तिला चापट मारली होती, तो ती मला देऊन गेली. दार मिटायच्या आत मी ओ दिली.